जागा होता म्हणून खुनी

१

मुकादमावर कंटेनर उतरला तेव्हा लख्ख ऊन होतं, क्रेनमध्ये काडीचाही बिघाड नव्हता, आणि क्रेन चालवणारा मुकादमाच्या बायकोचा पाठचा भाऊ होता. कंटेनर डाव्या अंगाने झुलत खाली आला. मुकादमाशेजारचे दोघे हमाल बाजूला पळाले. मुकादम वॉकीटॉकीवर बोलत होता तसाच उभा राहिला. चेहरा काही शिल्लक नव्हता, त्यामुळे शवविच्छेदन करणाऱ्यांनी डोक्याचा विषय एका ओळीत आटोपला.

एरवी याला कोणीही अपघातच म्हटलं असतं. माणूस थकतो, डुलकी लागते, हात सुटतो. पण या धक्क्यावर डुलकीचा बंदोबस्त केलेला होता. प्रत्येक पाळीच्या आधी क्रेनवाल्याला एका खोलीत बसवून त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवत. टोपी मेंदूच्या लहरी मोजायची आणि माणूस पेंगुळलेला आहे की ताजा, ते सांगायची. हिरवा दिवा लागला तर वर चढायचं, पिवळा लागला तर मुकादमाने लक्ष ठेवायचं, लाल लागला तर घरी. त्या दिवशी या क्रेनवाल्याला हिरवा दिवा लागला होता. नुसता हिरवा नव्हे, अख्ख्या महिन्यातला सगळ्यात चांगला.

म्हणजे तो टक्क जागा होता. त्यातून आदल्या दिवशी भर कँटीनमध्ये तो मुकादमावर ओरडला होता, "दाजी, एक दिवस हे धूड तुमच्याच डोक्यात घालीन." हे ऐकणारे पन्नास कान होते. पोलिसांनी दोन आणि दोन चार केले आणि त्याच्यावर खुनाचा गुन्हा लावला. पेंगुळलेला असता तर तो चुकला असता. जागा होता, म्हणून खुनी ठरला.

मला बोलावलं ते सहीसाठी. मेंदूच्या लहरी वाचण्यात माझं आयुष्य गेलं आहे. रुग्णालयातून निवृत्त झाले तरी असल्या कामाला अजून माझीच आठवण होते, कारण मी कोणाची मिंधी नाही आणि माझ्याशी कोणी फार वेळ गप्पा मारू शकत नाही.

"डॉक्टरबाई, काम पाच मिनिटांचं आहे," यार्डाचा मॅनेजर म्हणाला. त्याला तिथे सगळे साहेब म्हणत, आणि त्याला ते आवडत असे. "आलेख अस्सल आहे, एवढंच लिहायचं. चहा घेणार?"

"चहा नको. खुर्ची द्या."

मी आलेख पाहिला. मग पुन्हा पाहिला. डोळे मिटल्यावर ताज्या मेंदूत मागच्या बाजूला एक संथ, एकसारखी लहर उमटते. डोळे उघडले की ती विझते. इथे ती अगदी पुस्तकातल्यासारखी उमटत होती आणि विझत होती. झोप तुंबलेल्या माणसाचं तसं नसतं. डोळे मिटले की ती लहर फाटत जाते, आणि डोळे उघडे असतानाच जड, मंद लहरी वर यायला लागतात. इथे त्यांचा मागमूस नव्हता.

"करता ना सही?" साहेबाने पेन पुढे केलं.

"सांगितल्यावर डोळे मिटले, उघडले, पण मधल्या वेळात या माणसाची पापणी एकदाही लवलेली नाही," मी म्हणाले. "असा माणूस मला अजून भेटलेला नाही. याच्या पापण्या कुठे गेल्या?"

२

पापण्या टोपीवाल्याने उडवल्या होत्या.

टोपीवाला म्हणजे यंत्र सांभाळणारा तरुण. शिकलेला, इस्त्रीच्या शर्टातला आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघणारा. हमाल त्याला चिडवायचे की साहेबाने सगळ्या यार्डाला टोपी घालायला हा माणूस ठेवलाय. त्यामुळे आधीच त्याच्या नाकावर राग होता. त्यात मी आले.

"पापणी म्हणजे कचरा," तो म्हणाला. "डोळा हलला की टोपीतल्या, कपाळाला टेकणाऱ्या चकत्यांवर मोठी उसळी येते. ती मेंदूची नसते. संगणक ती काढून टाकतो आणि उरलेलं स्वच्छ आम्ही बघतो. सगळीकडे असंच करतात. तुमच्या वेळी बहुतेक शाईच्या सुया असतील."

"होत्या. आणि त्या सुयांनी कचरासुद्धा काढून दाखवला. न झाडलेला आलेख कुठे आहे?"

"यंत्रात असतो. तो कोणी उघडत नाही."

"मी उघडणार आहे."

"साहेबांना विचारावं लागेल." हे म्हणताना त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं, तेही भांडण उकरणाऱ्या माणसासारखं.

मी त्याला टोपीची खोली दाखवायला लावली. एक लहान खोली, एक खुर्ची, भिंतीत काच. काचेपलीकडे त्याचं टेबल. पण टेबलावर पडदा अशा जागी ठेवलेला, की तो बघताना खुर्चीकडे पाठ व्हावी.

"खुर्चीत कोण बसलंय ते तुम्हाला दिसतं?"

"दिसायची गरज काय? तो बाहेर कार्ड लावतो, नाव माझ्या पडद्यावर येतं. मी माइकवरून सांगतो, डोळे मिटा, उघडा, डावीकडे बघा, उजवीकडे बघा. मी चेहरे बघत नाही, बाई. लहरी बघतो."

"आणि टोपी कोण चढवतं?"

"मुकादम चढवायचा. पाळी बदलताना नुसती झुंबड असते, सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, तोंडाला धुळीसाठी फडकी. मी कोणाकोणाचे केस विंचरत बसू? मुकादमाला शिकवून ठेवलं होतं. तो जेल लावून टोपी घट्ट करायचा आणि बाहेर जायचा."

"त्या दिवशी गेला बाहेर?"

"गेला असेल. मला काय माहीत."

म्हणजे खुनाचा हा जो भक्कम पुरावा होता, तो कोणाच्या डोक्यातून आला हे शपथेवर सांगणारा एकही माणूस नव्हता. मी हे मोठ्याने म्हटलं. टोपीवाल्याचे कान लाल झाले.

"माझ्या यंत्रावर संशय घेताय?"

"यंत्रावर नाही," मी म्हणाले. "तुमच्यावर."

३

साहेबाचा चहा आता बंद झाला होता. "तुम्हाला सिद्ध काय करायचंय नेमकं?" त्याने विचारलं. "मेव्हण्या-मेव्हण्यांचं घरगुती वैर. त्यात कंपनीचा काय संबंध?"

"क्रेनवाला त्या दिवशी सकाळी कुठून आला होता?"

"घरून. झोपून."

"रात्रपाळीला क्रेनवर कोण होतं?"

"दाढी."

दाढी म्हणजे दुसरा क्रेनवाला. दोघांमधून विस्तव जात नव्हता, हे मला दारावरच्या शिपायापासून सगळ्यांनी सांगून झालं होतं. दाढी आला तो काळा चष्मा लावून. खोलीत ट्यूबलाइट, खिडकीला पडदा, आणि याच्या डोळ्यांवर हा चष्मा. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"त्या पोराबद्दल मला चांगलं बोलायला लावू नका," तो बसण्याआधीच म्हणाला. "वर बसला की स्वतःला राजा समजायचा. दाजी मुकादम, मग काय. चांगली पाळी त्याला, खराब मला. तुरुंगात सडू दे."

"चष्मा काढा."

"कशाला?"

"मी म्हणते म्हणून."

त्याने साहेबाकडे पाहिलं. साहेब पेपरवेट फिरवत होता. दाढीने चष्मा काढला. दोन्ही डोळे लालबुंद, पापण्या सुजलेल्या, कडांना चिकटा. डोळे आले होते, आणि आता उतरणीला लागले होते.

"कधीपासून?"

"दोन आठवडे होत आले. आता बरंच कमी आहे. पहिला आठवडा तर उघडतच नव्हते, बायको हाताला धरून मोरीपर्यंत न्यायची." एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या उशिरा ध्यानात आलं.

"डोळे उघडत नव्हते, तर आठवडाभर रात्री क्रेन कोणी चालवली?"

पेपरवेट थांबलं.

"मला विचारू नका," दाढी शेवटी म्हणाला आणि चष्मा पुन्हा चढवला. "मी घरी होतो. माझं कार्ड साहेबांकडे होतं."

साहेब उठून उभा राहिला. "चुकून राहिलं असेल इथे. डॉक्टरबाई, तुम्हाला लहरी बघायला बोलावलंय, कार्डं बघायला नाही. उद्यापासून गेटवर तुमचा पास चालणार नाही."

४

पास नव्हता, म्हणून मी मुकादमाच्या घरी गेले. यार्डामागच्या चाळवजा इमारतीत दोन खोल्या, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, त्यात एक निळा डांगरी सूट अजून तसाच टांगलेला. त्याच्या बायकोने दार अर्धंच उघडलं. मी कोण ते सांगितलं.

"सही झाली का?"

"नाही."

"मग कशाला आलात?"

तरी तिने आत घेतलं. मी जेवणाच्या टेबलाशी बसायला गेले तर ती म्हणाली, "ती नको. ती ह्यांची खुर्ची." ती खुर्ची कोपऱ्यात इतकी सरकवलेली होती की बसणाऱ्याचा डावा खांदा भिंतीला घासावा. बसायला गैरसोयीची. बाकीच्या खुर्च्या सगळ्या तिच्या उजव्या बाजूला.

"अशी कोपऱ्यात का?"

"त्यांना डाव्या बाजूने कोणी आलेलं खपायचं नाही. दचकायचे, मग चिडायचे. पोरंसुद्धा उजवीकडूनच हाक मारायची." ती हे सांगताना भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती. फोटोतला मुकादम कॅमेऱ्याला उजवा गाल देऊन उभा होता, रुबाबात.

"तेही आधी क्रेनवरच होते ना?"

"दुसऱ्या बंदरात. वायर तुटून तोंडावर बसली, तेव्हापासून खाली. वर बसणाऱ्या माणसाला खालचं काम म्हणजे रोजचा अपमान. पण बोलले नाहीत कधी. माझ्या भावाला मात्र हट्टाने क्रेन शिकवली. हाताला धरून शिकवली. आणि त्याने हे पांग फेडले."

मी सरळ विचारलं, "तुमचा भाऊ आठवडाभर दिवसरात्र कामावर होता, हे तुम्हाला माहीत होतं?"

"यंत्राने काय सांगितलं? जागा होता. हिरवा दिवा होता. मग झालं तर." तिचा आवाज चढला नाही, पण हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. "मी त्याला कडेवर घेऊन फिरले. आई गेली तेव्हा तो माझ्या पदराला धरून झोपायचा. त्याने माझा माणूस मारलाय. त्याला जन्मठेप होऊ दे, मी एकदासुद्धा भेटायला जाणार नाही. तुम्ही त्या यंत्राला खोटं पाडायला आला असाल तर दार तिकडे आहे."

मी उठले. नवरा गमावलेल्या बाईशी भांडण्यात मला गंमत वाटत नाही, पण तिचं एक मला खटकत राहिलं. आपला भाऊ खुनी नाही असं कोणी म्हणत असेल, तर बहीण निदान एकदा तरी 'खरं का?' असं विचारते. ही तर घाबरली होती.

५

खुनाचा तपास करणारा फौजदार माझ्यासारखाच तिरसट निघाला, म्हणून आमचं जमलं. त्याने कोर्टाचा कागद आणून टोपीच्या यंत्रातला न झाडलेला साठा सगळाच्या सगळा उचलला आणि मला कोठडीत क्रेनवाल्यासमोर बसवलं. मी माझी स्वतःची टोपी नेली होती.

पंचविशीतला मुलगा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, ओठ फुटलेले. कोठडीतही तो झोपत नव्हता, असं शिपायाने सांगितलं. डोळे मिटले की ओरडत उठायचा.

"मी जागा होतो," तो मला पाहताच म्हणाला. "लिहून घ्या आणि जा. ताईला जे हवंय तेच मी बोलतोय."

"मला काय हवंय ते विचार."

"तुम्हाला काय हवंय?"

"तुझं डोकं. फुकट बसला आहेस, तर दे थोडा वेळ."

त्याला हसू आलं नाही, पण त्याने मान पुढे केली. आधी मी टॉर्चने त्याचे दोन्ही डोळे तपासले. दोन्ही बाहुल्या उजेडात झटकन लहान झाल्या. मग टोपी चढवली आणि टोपीवाला सांगतो तेच सांगितलं. डोळे मिट, उघड, डावीकडे बघ, उजवीकडे बघ. पुन्हा मिट म्हटल्यावर तो उघडायला विसरला. बसल्या जागी त्याची मान छातीवर पडली. माझ्या पडद्यावर संथ लहर फाटत गेली आणि तिच्या जागी मंद, रुंद डोंगर उठले. मी त्याला उठवलं नाही. फौजदाराने खूण करून विचारलं, उठवू का, तर मी त्याच्या हातावर चापट मारली.

मग मी यार्डातला साठा उघडला. माणसाच्या त्या संथ लहरीला तिचा स्वतःचा वेग असतो, आणि तो वर्षानुवर्षं फारसा बदलत नाही. या मुलाची लहर जरा धिमी होती. आठवडाभर सकाळी त्याच्या नावाने निघालेले आलेख त्याच धिम्या चालीचे होते. आठवडाभर रात्री दाढीच्या नावाने निघालेले आलेखही त्याच चालीचे. एकच डोकं, दोन कार्डं. आणि रोज तो मेंदू थोडा थोडा बुडत चालला होता. शेवटच्या रात्रीचा पिवळा दिवा तर मेहेरबानी म्हणून मिळाला असावा. डोळे उघडे, आणि वर झोपेच्या लहरींची गर्दी. पुढच्या सकाळी त्याला लालच लागायला हवा होता.

त्या पुढच्या सकाळी लागला तो हिरवा, महिन्यातला सगळ्यात चांगला. आणि त्याची चाल वेगळी होती, चपळ होती.

"म्हणजे दुसरंच डोकं," फौजदार म्हणाला. "दाढी?"

"दाढीचं डोकं या साठ्यात त्याच्या आजारपणाआधीपासून आहे. ते नाही. आता कचरा बघू."

पापणी मिटताना डोळा हलतो, आणि डोळा म्हणजे एक लहानशी बॅटरीच असते. पुढच्या बुबुळात आणि मागच्या पडद्यात विजेचा फरक असतो. ती बॅटरी हलली की कपाळावरच्या चकत्यांवर उसळी येते, डाव्या डोळ्याची डावीकडे, उजव्याची उजवीकडे. मी या हिरव्या आलेखातली पहिली पापणी काढली. उजवीकडे उसळी. डावीकडे जवळजवळ सपाट रेघ.

"चकती सैल असेल," फौजदार म्हणाला. तो मूर्ख नव्हता.

"सैल असती तर मेंदूच्या लहरीही आल्या नसत्या. त्या छान आल्यात. दुसरी पापणी, तिसरी, डावीकडे बघा, उजवीकडे बघा, सगळीकडे हेच आहे. चकती ठीक आहे. डोळा नाही तिथे."

"डोळा नाही म्हणजे?"

"म्हणजे त्या खुर्चीत बसलेल्या माणसाचा डावा डोळा काचेचा होता."

६

साहेबाच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब, टोपीवाला, दाढी, बेड्या घातलेला क्रेनवाला, आणि सगळ्यांपासून लांब, भिंतीला धरून मुकादमाची बायको. भावाकडे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. कोणाला मी नको होते, आणि एकमेकांना तर ते सगळे मुळीच नको होते.

मी थोडक्यात सांगितलं. आठवडाभर या मुलाने दोन्ही पाळ्या केल्या, दिवसा स्वतःच्या कार्डावर आणि रात्री दाढीच्या. आणि ज्या सकाळी माणूस मेला, त्या सकाळी टोपीत हा बसलाच नव्हता.

"मग कोण?" टोपीवाल्याने विचारलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तुम्ही पाठ फिरवून बसता, म्हणून तुम्हाला ठाऊक नाही. आणि पापण्या झाडून टाकता, म्हणून कळायचा दुसरा रस्ताही तुम्हीच बंद केलात. खोलीत दोनच माणसं होती. एक टोपी घालून घेणारा, एक चढवणारा. त्यांनी जागा बदलल्या. डावा डोळा गेलेला माणूस डावीकडे भिंत धरून बसतो. डावीकडून हाक मारली की दचकतो. फोटोला उजवा गाल देतो. आणि डावीकडून कंटेनर आला तर बाकीचे पळतात, तो उभा राहतो." मी मुकादमाच्या बायकोकडे वळले. "वायर नुसती तोंडावर नव्हती बसली ना?"

"ताई, बोलू नकोस," क्रेनवाला म्हणाला. तो खुर्चीतून अर्धा उठला, फौजदाराने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "ताई, कशाला. मी कबूल केलंय ना सगळं."

"काचेचा डोळा असलेला माणूस माझ्या यार्डात?" साहेब तेवढ्यात बोलून गेला. "आम्हाला फसवून नोकरी केली त्याने. हे लिहून घ्या, फौजदार. म्हणजे सगळं मुकादमाचंच कारस्थान. पाळ्या त्यानेच लावल्या, टोपीत तोच बसला, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही."

त्याने इतक्या घाईने मेलेल्या माणसावर खापर फोडलं की दाढीसुद्धा त्याच्याकडे तिरस्काराने बघायला लागला. "कार्ड तुम्ही घेतलंत माझ्याकडून, साहेब," तो म्हणाला. "घरी माणूस पाठवून."

"तू गप्प बस. तोंडी बोलण्याला पुरावा काय?"

पुरावा माझ्याजवळ नव्हता, हे खरं होतं. मेंदूच्या लहरी माणूस थकला होता हे सांगतात. त्याला कोणी थकवलं हे त्यात उमटत नाही. साहेबाला ते कळलं होतं, आणि तो मागे टेकून बसला. मी त्याच्याकडे बघत होते, म्हणून मुकादमाची बायको बोलायला लागली तेव्हा मला आधी कळलंच नाही की आवाज तिचा आहे.

"फोन आमच्या घरी आला होता."

सगळे तिच्याकडे वळले.

"त्या दिवशी सकाळी. हे दाढी करत होते, हाताला साबण, म्हणून फोन मी धरला त्यांच्या कानाशी. या साहेबांचा आवाज मला ऐकू येत होता. म्हणाले, तुझा मेव्हणा रात्रभर क्रेनवर होता, आता त्याला लाल लागेल आणि क्रेन बंद पडेल. जहाज आज सुटलं पाहिजे. हिरवा दिवा कसा आणायचा ते तू बघ, नाहीतर तुझ्या डोळ्याचं मला माहीत आहे, असं म्हणाले. फोन बंद झाला तसं ह्यांनी मला विचारलं, पोराला उभं राहवत नाहीये, काय करू. टोपीत मी बसतो आणि त्याला वर पाठवतो, दुसरं काही सुचत नाही."

साहेबाने तोंड उघडलं. फौजदाराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्याने ते मिटलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हणाले, बसा. एवढ्यात काय होतंय."

क्रेनवाला बेड्यांतल्या हातांत तोंड लपवून रडत होता. "झोप लागली, ताई," तो म्हणाला. "दाजी वॉकीटॉकीवर बोलत होते, मला जागं ठेवायला काहीबाही सांगत होते. मी हो हो म्हणत होतो. मग आवाज लांब गेला. मी डोळे मिटले पण नव्हते गं. उघड्या डोळ्यांनी झोपलो."

त्या शेवटच्या रात्रीच्या आलेखात मी नेमकं तेच पाहिलं होतं. पण त्याच्या बहिणीचा चेहरा हलला नाही.

"तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं," मी तिला म्हणाले. मला खरोखर राग आला होता. "भाऊ निर्दोष आहे हे माहीत असून तुम्ही त्याला खुनात जाऊ देत होता."

"निर्दोष?" तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा भिडवला. "खाली माझा माणूस उभा होता आणि हा वर झोपला. तुमच्या टोपीत त्याचं काय नाव असेल ते असो. बाई, खून म्हटलं तर तो ह्याच्या एकट्याचा होता. मला एकाच माणसाचा राग करायला लागला असता. झोप म्हटली की त्यात हा साहेब आला, ते स्वतः आले, आणि मी आले. एवढ्या सगळ्यांचा राग मी कसा करू? स्वतःचा कसा करू? दोन पोरं आहेत मला."

टोपीवाला आपल्या बुटांकडे बघत होता. फौजदाराने साहेबाला उठायला सांगितलं. साहेब आता वकील, मोठे साहेब, मुख्य कचेरी असं काहीतरी बोलत होता, पण उठला. फौजदाराबरोबरच्या शिपायाने किल्ली काढून क्रेनवाल्याच्या बेड्या सोडवल्या. चौकशी पुढे चालेल, पण खुनाचं कलम आता टिकणार नव्हतं. मुलगा मनगटं चोळत उभा राहिला आणि कुठे जायचं ते न कळून बहिणीकडे बघत राहिला.

ती त्याच्या अंगावरून दारापर्यंत गेली. उंबऱ्यात थांबली, पण वळली नाही.

"सोडा त्याला," ती फौजदाराला म्हणाली. "पण माझ्या दारात पाठवू नका."